मुंबईचं बंदर दोन दिवसांत कसं बघायचं: आधी तिथी, मग तिकीट

गावाकडून पाहुणे आले की म्हणतात समुद्र दाखव, आणि आपण सगळे त्यांना घेऊन जातो मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, फार तर जुहू. त्यात वाईट काही नाही पण तो पश्चिमेचा उघडा समुद्र झाला. मुंबई ज्याच्या जिवावर उभी राहिली ते बंदर पूर्वेच्या बाजूला आहे, कुलाब्यापासून वर माझगाव, रे रोड, शिवडीपर्यंत. आपण रोज 'हार्बर लाइन' म्हणतो आणि तो हार्बर बघायला मात्र कोणी उतरत नाही. माझे आजोबा आणि वडील दोघंही गोदीत कामाला होते, त्यामुळे मला ही बाजू लहानपणापासून माहितीये आणि मनापासून वाटतं की मुंबईला येणाऱ्याने दोन दिवस तरी इथे घालवावेत. खर्च फार नाही, चालणं भरपूर आहे आणि जवळजवळ सगळं उघड्यावर आहे. म्हणून हा सगळा प्लॅन एकदाच नीट लिहून काढतोय.

पाऊणपटीचा हिशोब

बंदराची बाजू घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालते. कुठे भरती हवी, कुठे ओहोटी हवी, आणि उलटं झालं तर फेरी फुकट जाते. ॲपवर टाइड टेबल मिळतं पण आमच्याकडे कोळी लोकांचा जुना हिशोब आहे तो शिकून घ्या, एकदा डोक्यात बसला की कॅलेंडर बघूनच दिवस ठरवता येतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर दुपारी तीनच्या आसपास आणि मध्यरात्रीनंतर तीनच्या आसपास भरती. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, दोन्हीला तोच हिशोब. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतं ते धरून चालायचं.

अजून एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तेवढंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. हे पुढे कुलाबा किल्ल्याला लागणार आहे.

तर माझा सल्ला असा की पहिला दिवस पंचमीचा आणि दुसरा षष्ठीचा धरा, किंवा षष्ठी-सप्तमी. महिना नोव्हेंबर ते मार्च, शिवडीचे फ्लेमिंगो नीट बघायचे असतील तर जानेवारीच्या पुढे. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार येत नाही ना ते बघा, घारापुरीच्या म्हणजे एलिफंटाच्या लेण्या सोमवारी बंद असतात. मी एकदा आत्याला घेऊन सोमवारी गेटवेला पोचलो, ती सत्तरीची, पहाटे उठून डबा करून निघालेली, आणि तिथून परत फिरावं लागलं. तिचा चेहरा अजून आठवतो, म्हणून हे आधी लिहिलं.

जून ते ऑगस्टमध्ये हा प्लॅन करूच नका. गेटवेवरून मांडव्याला, म्हणजे अलिबागच्या बाजूच्या धक्क्याला, जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, जून-जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे ससून डॉक ओस असतो आणि पक्षी गेलेले असतात.

पहिला दिवस: मांडवा आणि कुलाबा किल्ला

आधी एक घोळ मिटवतो. मुंबईतला कुलाबा वेगळा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा, तो अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे. रायगड जिल्ह्याचं नावच पूर्वी कुलाबा होतं.

गेटवेवरून सकाळची पहिली कॅटामरान म्हणजे वेगवान बोट पकडायची, ती सव्वासहाच्या सुमारास असते पण वेळ आदल्या दिवशी बघून घ्या आणि शनिवार-रविवार असेल तर बुकिंगही करा. तासाभरात मांडवा. गेटवेवाल्या बोटींच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, वेगळी गाडी करायची गरज नाही, फक्त उतरल्यावर रेंगाळू नका कारण बस भरली की निघते. आठ-सव्वाआठला तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर.

पंचमीला ओहोटी पावणेदहाच्या आसपास. म्हणजे नऊच्या सुमारास पाणी पुरेसं मागे गेलेलं असतं आणि किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. वाळू, मग खडक, मधे कुठे घोट्याएवढं कुठे गुडघ्याएवढं पाणी. चपला हातात घेऊ नका, खडकावर कालवांची कवचं चिकटलेली असतात आणि ती ब्लेडसारखी कापतात, पट्ट्याचे सँडल घाला. भांगाच्या दिवसांत म्हणजे सप्तमी-अष्टमीला गेलात तर पाणी पूर्ण हटत नाही, मग घोडागाडी करावी लागते, तीही मजा आहे पण चालत जाण्याची सर नाही.

किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. आत गेल्यावर तटाचे दगड जवळून बघा. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते ठेवलेत, मधे चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी त्या फटींतून आत शिरतं आणि तिथेच जिरतं, भिंतीला सरळ धक्का बसत नाही. मी त्या फटीत हात घालून बघितलाय, आत गार ओलसर हवा येते आणि लाटेचा आवाज दगडाच्या पोटातून आल्यासारखा ऐकू येतो. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, मुलं तिथेच सगळ्यात जास्त रमतात.

पण साडेदहाला परत निघायचं म्हणजे निघायचं. पाणी वळलं की हळूहळू येतंय असं वाटतं आणि मागे बघेपर्यंत वाटेतली खोलगट जागा भरलेली असते. तिकिटवाले आणि घोडागाडीवाले सांगतात की आता निघा, त्यांचं ऐका, त्यांच्याशी वाद घालू नका. दरवर्षी कोणी ना कोणी आत अडकतं.

अलिबागमध्ये जेवण करा, कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे तिथे डोकं टेकवा (कान्होजी 1729 साली गेले), आणि वेळ उरला तर वरसोली किंवा थळचा किनारा. थळवरून समोर पाण्यात खांदेरी दिसतो, महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला. 2025 साली जागतिक वारसा यादीत आपले जे किल्ले गेले त्यात हाही आहे. तिथे जायला थळहून होडी करावी लागते आणि त्याला अर्धा दिवस जातो, म्हणून या प्लॅनमध्ये नको.

परतीला मात्र गेटवेची बोट घेऊ नका. एसटीने नाहीतर रिक्षाने मांडव्याला या आणि रो-रो पकडून भाऊच्या धक्क्याला उतरा. ही 2020 पासून सुरू झालेली मोठी बोट आहे, खाली गाड्या चढतात आणि वर आपण, डेकवर उभं राहता येतं. येताना डावीकडे गेटवे आणि ताज लांबून दिसतात आणि मग एकेक करून नौदलाची जहाजं, क्रेन, नांगर टाकून उभी मालवाहू जहाजं. ज्याला बंदर म्हणतात ते हे. गेटवेवर उभं राहून हे कळत नाही.

भाऊचा धक्का म्हणजे कोकणी माणसाची जुनी वेस. रस्ते धड नव्हते तेव्हा रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या बोटी इथून सुटायच्या आणि चाकरमानी ट्रंक डोक्यावर घेऊन इथेच उतरायचा. आणि 17 जुलै 1947 ला इथूनच रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या घरी अजून गटारीच्या दिवशी आजोबांनी सांगितलेली ती गोष्ट निघते. आज धक्क्यावरून रेवसला आणि उरणजवळच्या मोऱ्याला साध्या लाँच जातात, स्वस्त आहेत आणि वेगळा अनुभव आहे, फक्त ओहोटीला तिकडच्या गाळामुळे फेऱ्या मागेपुढे होतात किंवा रद्द होतात, तेव्हा इथेही पाऊणपट आठवा.

धक्क्यावरून टॅक्सीने डॉकयार्ड रोड स्टेशनला या. स्टेशनला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे आणि तिच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. हे काका बाप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले, पुढे मुंबईचे महापौरही झाले. पूर्वी इथे माझगावचा किल्ला होता, आता खाली पाण्याची टाकी आणि वर बाग. मुंबईत बंदर वरून बघायला यापेक्षा चांगली फुकटातली जागा मला माहीत नाही. संध्याकाळी ऊन मागून येतं आणि समोर सगळी गोदी उजळते, रुळांवरून लोकल जाते, तिच्या पलीकडे गोदामांची छपरं, त्यांच्या पलीकडे क्रेन आणि मग पाणी.

इथे बसून मी पाहुण्यांना 14 एप्रिल 1944 ची गोष्ट सांगतो. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं, दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकाच जहाजात. आधी आग लागली आणि मग दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, त्यात आगीशी लढणारे अग्निशमन दलाचे जवान होते, म्हणून आजही 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आजोबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते म्हणून वाचले, असं आमच्या घरात सांगतात. ते बोलताना हाताने दिशा दाखवायचे, ती दिशा मी आता माझ्या मुलीला दाखवतो.

दुसरा दिवस, पहाटे

मुंबईत समुद्रावर सूर्यास्त सगळे बघतात. सूर्योदय बघायचा तर तो याच बाजूला, कारण गेटवेचं तोंड पूर्वेला आहे. पण त्याच्याही आधी साडेपाचला ससून डॉकला जा, टॅक्सीने, इतक्या सकाळी रस्ते मोकळे असतात.

ससून डॉक 1875 चा. पहाटे बोटी लागतात आणि धक्क्यावर लिलाव सुरू होतो. पाट्याच्या पाट्या कोळंबी, बोंबील, मांदेली, बांगडा, मधेच एखादी हाताएवढी लांब सुरमई, आणि त्यांच्यामधून डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणी वाऱ्याच्या वेगाने जातात. वाटेत उभं राहू नका, भिंतीच्या कडेने चला, जुने बूट घाला, पायाखाली बर्फ आणि पाणी असतं. फोटोच्या बाबतीत नियम कडक असू शकतात, गेटवर विचारा आणि माणसांचे फोटो काढायच्या आधी त्यांनाही विचारा. ही त्यांची कामाची जागा आहे, सकाळच्या त्या दोन तासांवर घर चालतं. वासाचा त्रास होणारा कोणी बरोबर असेल तर त्याला थेट गेटवेला पाठवा, जबरदस्ती नको.

तिथून गेटवे दोनेक किलोमीटर, चालतच या. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, गेटवेवर तेव्हा फारशी गर्दी नसते. दगड जवळून बघा, पिवळसर बेसॉल्ट आहे, कोवळं ऊन पडलं की मधासारखा दिसतो. पायाभरणी 1913 ची, पुरं झालं 1924 ला, आणि 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे तो 1961 च्या प्रजासत्ताक दिनी बसवलेला. जुनी माणसं या जागेला अजून पालवा बंदर म्हणतात.

नाश्ता कुलाब्याच्या गल्लीत करा, इराण्याकडे ब्रुन मस्का-चहा नाहीतर गाडीवरचा वडापाव. पोट गच्च भरू नका, पुढे बोट आहे.

घारापुरी

नऊच्या सुमारास पहिली बोट सुटते, तीच घ्या. तिकीट काउंटरवरूनच घ्यायचं, जाऊन-येऊनचं एकच असतं, परतीचा तुकडा जपून ठेवा. वरच्या डेकवर बसायला वेगळे थोडे पैसे घेतात, द्या, थंडीत वरच बसायचं. लाइफ जॅकेट घाला आणि पूर्ण वेळ ठेवा, मुलांचे पट्टे स्वतः तपासा. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावरच्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि त्यात माणसं गेली. मी त्याच्या आधी कित्येकदा जॅकेट न घालता गेलोय, आता घालतो.

बोटीत चढताना घाई करू नका. पायरीशी बोट लाटेबरोबर वर येते, खाली जाते, कधी हातभर फरक पडतो. बोट वर आली की खलाशी हात पुढे करतो, त्याच क्षणी पाऊल टाकायचं, दोन्ही हात मोकळे ठेवून. पिशव्या आधी त्याच्याकडे द्या. म्हाताऱ्या माणसांना हे आधीच समजावून सांगा म्हणजे भीती निम्मी होते.

थंडीत बोटीच्या मागे कुरव पक्षी येतात, पांढरेशुभ्र, हाताच्या अंतरावर उडतात. लोक त्यांना वेफर्स आणि गाठ्या टाकतात. कृपा करून टाकू नका. ते पक्षी लांबून उडत येतात, मासे खाऊन जगतात, आपलं तळलेलं मीठमसाल्याचं त्यांच्या पोटाला घातक आहे.

तासाभराने बेट येतं. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोटी ट्रेन आहे पण चालत दहा मिनिटं लागतात. पुढे शंभर-सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, चढवत नसेल तर डोली मिळते. माकडं फार धीट आहेत, काकडी, कैरी, प्लॅस्टिकची बाटली हातात दिसली की ओढतात, सगळं बंद सॅकमध्ये ठेवा.

मुख्य लेण्यात शिरलात की लगेच फोटो काढू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना दोन-तीन मिनिटं काही दिसत नाही, खांबाला टेकून उभे राहा. मग समोरच्या अंधारातून हळूहळू ती महेशमूर्ती बाहेर येते, वीस फुटांच्या जवळपास, तीन मुखं. डावीकडचं उग्र, उजवीकडचं कोवळं, मधलं डोळे मिटून शांत. मधल्या मुखाचा खालचा ओठ बघा, जाड आहे, किंचित पुढे आलेला, दगड असून मऊ वाटतो. सहाव्या शतकातलं काम आहे हे. एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर, आणि फिरत गेलात की कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचं लग्न, तिथे पार्वतीची लाजून झुकलेली मान आहे ती बघितल्याशिवाय येऊ नका. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेत. बघून वाईट वाटतं, तरी जे उरलंय तेच इतकं आहे की तासभर पुरतो.

बेटावर तीन वाड्या आहेत, राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर. मुंबईच्या एवढं समोर असून इथे समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती 2018 ला. पाणी, ताक, उकडलेलं कणीस इथल्याच बायकांकडून घ्या, आणि कचरा परत बोटीतून न्या.

पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्ती आता बेटावर नाही. इंग्रज तो उचलायला गेले तेव्हा तुटला, मग तुकडे जोडून राणीच्या बागेत ठेवला, आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. कोणाकडे तिसरा अर्धा दिवस असेल तर भायखळ्याला उतरून बघून या, बुधवारी मात्र बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद.

साडेबाराची बोट धरून परत या. पुढे पाणी वाट बघत नाही.

शिवडी

गेटवेवरून टॅक्सीने सीएसएमटी, जेवण धावतपळत काहीतरी, आणि सव्वादोनच्या आसपासची पनवेल लोकल. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन आणि शिवडी. पूर्वेला उतरा. जेट्टी दीड-दोन किलोमीटर आहे, रस्ता ट्रकचा आहे आणि धूळ खूप, मुलं बरोबर असतील तर टॅक्सी करा.

भरतीच्या आधी दीड-दोन तास ही योग्य वेळ. ओहोटीला गेलात तर मैलभर चिखल आणि त्याच्या टोकाला गुलाबी रेघ, एवढंच दिसतं. भरती पूर्ण झाली की चिखल बुडतो आणि पक्षी उडून जातात. पाणी चढत असताना ते त्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. षष्ठीला साडेचारची भरती, म्हणजे तुम्ही तीनला जेट्टीवर हवेत. तोंड पूर्वेला असल्यामुळे दुपारचं ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं, सकाळी हेच उलटं होतं आणि नुसत्या काळ्या सावल्या दिसतात.

दुर्बीण न्या, मित्राची मागून आणा पण न्या. आपल्याकडे याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात, लहान आणि मोठा अशा दोन जाती इथे येतात. लहानाची चोच गडद लाल, जवळजवळ काळपट, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. एकाच पक्ष्यावर पाच मिनिटं दुर्बीण लावून बसा. मान खाली घालतो, चोच उलटी करतो, म्हणजे वरची बाजू खाली, आणि चिखलाच्या पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत पुढे चालतो. जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या चाळणीतून बाहेर टाकायचं, शेवाळ आणि बारीक जीव आत राहतात. त्यांचा रंगही त्या खाण्यातूनच येतो, पिल्लं करडी असतात. हजारोंचा थवा असा चरत असला की एक सततची कुजबुज ऐकू येते, बदकांच्या आवाजासारखी पण खालच्या पट्टीत.

मागे अटल सेतू इथूनच सुरू होतो, जवळजवळ 22 किलोमीटरचा, जानेवारी 2024 ला उघडला. तो होत असताना पक्षी कायमचे जातील अशी धास्ती आम्हाला होती. ते अजून येतायत, पण हा चिखल आणि ही तिवरं राहिली तरच येतील, म्हणून भराव आणि डेब्रिज दिसलं की मला राग येतो आणि मी तक्रार करतो, तुम्हीही करा. चिखलात उतरू नका, कमरेपर्यंत रुतता येतं. ड्रोन नको, दगड तर अजिबात नको.

पाणी दगडांना लागलं आणि पहिले काही पक्षी उठले की दहा-पंधरा मिनिटांत सगळा थवा उठतो, उडताना पंखांच्या आतला लाल-काळा रंग उघडतो, तो बघूनच निघा. वाटेत शिवडीचा छोटा किल्ला आहे, इंग्रजांनी 1680 मध्ये बांधलेला, उजेड असेल तर वर चढून या. नंतर थांबू नका, अंधारात तो ट्रकचा रस्ता चालायला चांगला नाही. सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये संध्याकाळी उलट्या दिशेची गर्दी असते त्यामुळे बसायला जागा मिळते, डावीकडची खिडकी पकडा, गोदीचे दिवे लागायला लागलेले असतात.